किटलीने जिंकलेली जागा

कॉलरवाल्या माणसाशी बोलण्यात मी आजवर हरलेले नाही. पोलीस, शेतमालक, हेडमास्तर, एकदा तर एक बिशपसुद्धा, सगळ्यांना मी पुरून उरले! त्यामुळे कौन्सिलची माणसं आमची जागा ठरवायला येणार असं कळलं, तेव्हा मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगून टाकलं, "गोलायथ, तू फक्त सरपण आण आणि तोंड बंद ठेव. ही जागा मी चहाच्या किटलीवर मिळवते."

गोलायथ नाव ऐकून कुणी बायबलातला राक्षस डोळ्यांपुढे आणू नका. माझा नवरा म्हणजे हंगाम संपल्यावर मांडवावर राहिलेला, बिअरसाठी लावतात त्या हॉप्सचा वाळका वेल. तो म्हणाला, "त्रेनिट, किटलीतून आजवर चहाच आलेला पाहिलाय मी."

तेव्हा केंटमधल्या रस्त्यांवर आमच्या जिप्सी लोकांना थांबायला जागाच उरली नव्हती. माझ्या आजोबांचे घोडे जिथे चरले, त्या प्रत्येक तुकड्यावर कुणीतरी खंदक खणला होता नाहीतर धोंडे टाकले होते. चेरी तोडायला आम्ही हवे, हॉप्स काढायला आम्ही हवे आणि हंगाम संपला की दारात पोलीस. एरवी मी गाणं म्हणत आमची राहती गाडी जुंपली असती. पुढच्या वळणावर कुठलं झाड लागणार ते मला पाठ होतं, आजही आहे. पण माझ्या सासूबाईंचे, लेमेंटिनाबाईंचे पाय सुजून लाकडाचे ओंडके झाले होते. गाडीला धक्का बसला की त्या ओठ चावायच्या, पण हूं की चूं करायच्या नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना आता हलवू नका. आणि आम्ही थांबलो होतो ती गल्ली थंडीच्या आत रिकामी करा, असा हुकूम आला होता. म्हणजे जागा मिळाली तर सासूबाई टिकणार, नाहीतर रस्त्यावरच जाणार. एवढा साधा हिशेब होता.

कौन्सिलने गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीची जमीन आमच्यासाठी पाहिली होती. तिचा नकाशा काढला होता पिलबीम नावाच्या तरुण साहेबाने. माणूस भला, पण उत्साह कोकरासारखा. प्रत्येक गाडीशेजारी एक पक्की विटांची खोली, खोलीत स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून संडास. मध्ये एक भिंत आणि भिंतीला दार! "सगळं एका छपराखाली," तो मोठ्या अभिमानाने म्हणाला होता. सासूबाईंनी तो नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि तो गेल्यावर मला हळूच विचारलं, "पोरी, हा मुलगा जेवतो कुठे गं?"

आमच्यात हे चालत नाही. कपबशा धुवायचं तसराळं वेगळं, हातातोंडाचं वेगळं, कपड्यांचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला लागलं की ते बाटलं. आम्ही त्याला मोखादी म्हणतो. मग ते कितीही घासा, उपयोग नाही. फोडायचं आणि मोकळं व्हायचं. अशा लोकांना साहेब संडासाच्या दारात कांदा चिरायला सांगत होता!

गोलायथ म्हणाला, देतात ते घे, भांडू नकोस. मी म्हटलं, भांडतंय कोण? माझा बेत साधा होता. पहिल्या कपाला पाहुण्यांना खूश करायचं आणि दुसऱ्या कपाला संडास हलवायचा.

ठरलेल्या दिवशी पिलबीमसाहेब आले आणि त्यांच्याबरोबर समितीच्या हार्टनॉलबाई. शब्द चालायचा तो बाईंचाच. टोपी अशी ताठ, की वाऱ्यानेही परवानगी मागावी. मी आईचे सोनेरी काठाचे कप काढले होते. एका शिंगराच्या बदल्यात आईने ते घेतले होते आणि सगळी जन्मभराची वाट ते न तडकता आले होते. फळांचा केक कापला. बाईंनी केकचा दुसरा तुकडा घेतला तेव्हा मी गोलायथकडे असं पाहिलं, की बघ!

बाई सावकाश चहा घेत होत्या. बाकीचे कप मी दुसऱ्या फेरीसाठी पांढऱ्या तसराळ्यात, साबणाच्या कोमट पाण्यात टाकले आणि किटली भरायला वळले. तेवढ्यात आमचा कुत्रा ड्यूक पिलबीमसाहेबांना भेटायला आला. साहेबांनी त्याचे कान कुरवाळले, पोट खाजवलं, त्याने साहेबांचे हात मनगटापर्यंत चाटले. मग साहेब उठले, नीटनेटके गृहस्थ ना, आणि तसराळ्यात हात बुडवून माझ्या आईच्या कपांमध्ये खसाखसा धुवायला लागले.

गोलायथच्या हातातलं सरपण खाली पडलं. गाडीच्या खिडकीतून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

पाहुण्याला तर बोलायचं नाही. म्हणून मी हसतमुखाने तसराळं उचललं, कुंपणामागे गेले, खुंट्या ठोकायचा हातोडा घेतला आणि आईचे कप गपचूप फोडायला सुरुवात केली. चिनी मातीचे कप गपचूप फुटत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी विचारलं, काय झालं? आता तोंड बंद ठेवायचं नेमकं गोलायथ विसरला. "काही नाही बाई," तो नम्रपणे म्हणाला. "तुम्ही लोकांनी वापरले ना, म्हणून कप फोडतेय ती."

सासूबाईंना अर्धवट काम आवडत नसे. त्या खिडकीतून म्हणाल्या, "तुमचा झाला की तोही द्या हं तिच्याकडे. सावकाश, घाई नाही."

मी आले तेव्हा हार्टनॉलबाई मोटारीकडे निघाल्या होत्या. गावातले लोक आमच्याबद्दल काय बोलतात ते त्यांनी ऐकलं होतं, पण आपणच अस्वच्छ ठरू असं त्यांना वाटलं नव्हतं. मी मागे धावले. हातात हातोडा आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. पिलबीमसाहेबांच्या मात्र आलं. ते आधी मोटारीत शिरले आणि काच वर केली! हातोडा काढून घ्यायला गोलायथ माझ्यामागे धावला आणि आता ससा निघणार अशा खात्रीने ड्यूक त्याच्यामागे.

मी मोटारीपुढे उभी राहिले. जागा गेलीच होती, पण मला हलायचं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "कप तुमच्यामुळे नाही फुटले. कुत्र्याने चाटलेले हात साहेबांनी कपांच्या पाण्यात धुतले, म्हणून फुटले. माझ्या आईचे होते ते. आईचे कप जिने फोडले, ती संडासाला चिकटलेल्या चुलीवर स्वयंपाक करील का? मला ही जागा हवी आहे. म्हातारीचे पाय बघा, म्हणजे का ते कळेल. पण संडास लांब हवा. नेता येईल तितका लांब."

बाईंनी मोटारीच्या काचेवर टकटक केलं. "पिलबीम, कुत्र्याने चाटलेले हात? कपांत?"

साहेबांनी काच थोडी खाली केली. लक्षात नाही आलं, म्हणाले.

"आमच्या ह्यांच्याही लक्षात येत नाही," बाई म्हणाल्या. "मारून आणलेली बदकं माझ्या भाजीच्या मोरीत साफ करतात. लग्न झाल्यापासून सांगतेय. काही फोडावं हे मला सुचलंच नाही." आणि त्यांनी हात पुढे केला. "तो हातोडा द्या इकडे."

परत येऊन आपला कप त्यांनी स्वतःच फोडला, एका घावात. माझ्या अंदाजाने तो घाव कपासाठी नव्हता.

थंडीच्या आत जागा मिळाली. सासूबाई शेवटपर्यंत तिथेच राहिल्या, दाराशी जिरेनियमची फुलं लावली आणि पुन्हा कधी त्यांना ओठ चावावा लागला नाही. पिलबीमसाहेबांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. संडास जमिनीच्या पार दुसऱ्या टोकाला, सफरचंदाच्या झाडापलीकडे!

परवा भर पावसात कौन्सिलमधून एक गोड मुलगी आली. म्हणाली, आजी, आता या वयात एवढं चालायचं? आतच बांधून देतो, स्वयंपाकघराला लागून, उबदार. मी पाठ ताठ केली, तिला चहा दिला, आईच्या कपांची ही सगळी हकिकत ऐकवली आणि ठणकावून सांगितलं, की माझ्या जिवात जीव असेपर्यंत तो संडास तसूभरही पुढे सरकणार नाही. तिचे डोळे पाणावले होते. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण माझाही दुसरा कप संपला होता, आणि या गुडघ्यांनी वेळेत पोचायचं तर मला तेव्हाच निघणं भाग होतं.

गोलायथने फक्त छत्री पुढे केली.