कणकवलीची दाढ, दहिसरचं रक्त

आमच्या दहिसरच्या चाळीत कुणाला प्लास्टर लागलं तर लोक विचारतात, "कसं झालं रे?" परबकाका विचारतात, "कितक्याक पडला?"

आधी किंमत, मग हाड. वर ते प्लास्टर फणस पारखावा तसं ठोकून बघतात. "वांद्र्याक केलंस? मग निम्मो हात तुझो, निम्मो त्या इमारतीच्या मालकाचो!"

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. काकी गेल्या, मुलगा बंगळूरला. रक्त तपासायला ते दहिसरच्या नाक्यावर जातात, पण दाढ दुखली की थेट गावी, कणकवलीला. हर्निया तिथेच, कानसुद्धा तिथेच.

मी आरोग्य हक्कांच्या एका संघटनेची पत्रकं काढते. माझ्या पत्रकात वाक्यांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त असतात, असं आमच्या संघटनेतलेच म्हणतात. विषय होता 'एक आजार, एक दर!' म्हटलं, काकांसारखं ज्वलंत उदाहरण चाळीत असताना बाहेर कशाला शोधायचं? त्यांना न विचारता छापलं: 'शहरी लुटीला कंटाळून आमचे काका दाढेसाठी कणकवली गाठतात!!' पाचशे प्रती बोरीवली स्टेशनबाहेर स्वतः वाटल्या.

काकांनी पत्रक नाकाला लावून वाचलं. "बाय, गाडीभाडा खंय घातलंस?"

गाडीभाडं! जाऊन-येऊन भाडं धरलं तर कणकवलीची दाढ बोरीवलीपेक्षा महाग पडत होती. माझं ज्वलंत उदाहरण जागच्या जागी विझलं.

"मग जाता कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"थंयचो डॉक्टर सोताच्या घराखाली बसता. भाडा नाय, एसी नाय. हंय दाढ उपटूक जागा लागता, आणि जागा महाग. शिवाय थंय पेशंटाचा सगळा घरचीच माणसां करतत. हंय त्याचेय पैशे."

जागेच्या भाड्याचं मी लगेच टिपून घेतलं. शेवटच्या वाक्याची घोषणा होत नव्हती, म्हणून सोडून दिलं.

पुढे काका चहा कपाबाहेर ओतायला लागले. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. आता कणकवली गाठतील असं वाटलं, पण तिथली त्यांची बहीण लेकीकडे पुण्याला राहायला गेली होती. घराला कुलूप. काका जागचे हलेनात. मग मी चार दिवस फोन करून यादी केली. बोरीवलीतलं एक धर्मादाय रुग्णालय कणकवलीपेक्षाही स्वस्त निघालं! यादी त्यांच्यापुढे आपटली.

"महाग आसा," काका म्हणाले. यादीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी दहा मिनिटं भाषण ठोकलं. आरोग्य हा हक्क आहे वगैरे. भाषण संपल्यावर काकांनी उशीखालून एक कागद काढला. त्याच रुग्णालयाचा फॉर्म. म्हणजे हे माझ्याआधीच तिथे जाऊन आले होते! वाकड्यातिकड्या अक्षरात सगळा भरलेला, फक्त एक ओळ कोरी: 'सोबत राहणाऱ्या नातेवाइकाचे नाव'.

"दाढ काढली तेव्हा बहीण दिसभर पेज घेवन बसलली," काका खिडकीकडे बघत म्हणाले. "आख्खी वाडी बघूक इली. दाढेक! ह्या कितक्याक पडता, ता लिव तुझ्या कागदार."

मी पेन काढून त्या ओळीत माझं नाव लिहिलं.

"तुझी सभा असतली ना त्या दिवशी?"

"सभा गेली खड्ड्यात."

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकड्यावर बसले होते. तासाभराने नर्सने दार उघडून विचारलं, "परबांबरोबर कोण आहे?"

"मी!" मी अशी काही ओरडले, की अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला.

आतून काकांचा आवाज आला, "हळू गो, ह्यो मोर्चो न्हय."

मग अगदी बारीक आवाजात, "खंय जाव नको."