सुधाकर भावजी आणि आवाजाची साय

आमच्या राजूरला दुपारी शेतीची लाईट आली की घराघरांत शिव्या सुरू होतात. शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम करंट ओढतात, पंखा रडतखडत फिरतो आणि माझा मिक्सर नुसता कण्हतो. बराबर त्याच वेळेला शेजारच्या दारातून माझे धाकटे दीर, सुधाकर भावजी, बाहेर येतात आणि ओरडतात, "एकशेनव्वद! वहिनी, आलं एकशेनव्वद!" व्होल्टेज पडलं म्हणून नाचणारा अख्ख्या जालना जिल्ह्यातला हा एकच माणूस, आणि तो नेमका माझ्याच नशिबात.

त्याचं कारण असं की भावजी इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. तरुणपणी जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रात लीडला होते. लीड म्हणजे गाणारा दम खायला थांबतो तेव्हा मधे गिटार एकटीच गाते ना, ते. गिटारीचा आवाज मोठा करायच्या त्यांच्याकडे दोन पेट्या आहेत, दोन्ही व्हॉल्व्हच्या. जुन्या रेडिओत मागं काचेचे लालसर दिवे दिसायचे बघा, तेच हे. काळी पेटी त्यांनी बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या भंगारातून स्वतः बनवली, ट्रान्सफॉर्मरसुद्धा घरीच गुंडाळला. तांबडी विलायती, एका गिटारवाल्याकडून आणलेली. दोघींबद्दल असं बोलतात की नवख्याला वाटावं, घरात दोन सासुरवाशिणी आहेत. "काळी गोड हाय, पण ताणलं की धापा टाकती. तांबडी चावरी, पण लांब पल्ल्याची."

व्होल्टेज कमी असलं की म्हणे ह्या पेट्यांचा आवाज मऊ होतो. "आवाजाला साय पाह्यजे, वहिनी. पातळ दूध तर सगळी दुनिया वाजवून राह्यली." ट्रेबल, म्हणजे बारीक सूर, जास्त झाला तर आवाज करपला, बेस, म्हणजे जाड सूर, जास्त झाला तर गिचका झाला, सगळं स्वयंपाकघरातलं बोलणं. आणि स्वतःला धड चहा करता येत नाही!

पेटी चालू केली की पंधरा मिनिटं गिटारीला हात लावायचा नाही, व्हॉल्व्ह तापायला पाहिजेत. मंग एक सूर. मंग बटण केसभर पुढं. पुन्हा तोच सूर. बटण केसभर मागं. असे दोन तास. गाणं? गाण्याचं नावच काढू नका. "साय आली न्हाई अजून."

पण खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमान आहे. एकदा पुण्याहून एक गिटारवाला मोठ्या गाडीतून पेटी घेऊन आला. नामांकित लोकांनी हात टेकलेले. भावजींनी डोळे मिटून एकच सूर ऐकला आणि म्हणाले, "डावीकडून दुसरा व्हॉल्व्ह थकला, बाकी बिलकुल चांगलं हाय." बदलला, आणि पेटी बोलायला लागली. तो माणूस पाया पडला. मी ओट्यावर गहू निवडत होते. सगळ्या गल्लीला दिसेल अशी ताठ बसले.

आता त्यांचा दुसरा छळ सांगते. घरी पाहुणा आला की त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि पाठीमागून दोन्ही पेट्या वाजवून विचारायचं, "पहिली का दुसरी?" मी आपली डोळे मिटून "दुसरी" म्हणते आणि सुटते. पण माझ्या लेकीला, पल्लवीला, बघायला तीर्थपुरीहून पाहुणे आले, तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते तर काय, होणारे व्याही भिंतीकडे तोंड करून बसलेले! म्हटलं, मोडलं स्थळ. व्याही म्हणाले, "पहिली बरी हाय, पण जरा नाकात बोलती."

भावजींनी मला बाजूला ओढलं. "वहिनी, हे घर सोडू नका. माणसाला कान हाय!"

लग्न ठरलं. पण पल्लवीनं अट घातली, हळदीला काकांनी अख्खं गाणं वाजवायचं, नाहीतर हळदच लावून घेणार नाही. भावजींना स्वतःचं लेकरू नाही, जीव सगळा हिच्यावर. आणि सात वर्षांपूर्वी शोभा गेली, माझी जाऊ, तेव्हापासून त्यांनी चार माणसांत एक गाणं वाजवलं नव्हतं. मला वाटायचं, दुःख आहे, राहू द्या. पण ही पोरगी त्यांचंच पाणी, ऐकते कुणाचं? भावजी "हो" म्हणाले आणि महिनाभर जेवणावरचं लक्ष उडालं.

हळद भोकरदनच्या मंगल कार्यालयात, भर उन्हाळ्यात, सकाळी. भावजींनी पेट्या मांडल्या, मीटर लावला आणि कपाळाला हात. "दोनशे तीस! सगळं करपणार!" मंग म्हणाले, सगळे कूलर लावा. पाण्याची मोटर लावा. आचाऱ्याचं वाटण-यंत्र लावा. तेव्हा कुठं व्होल्टेज दोनशे आठवर आलं. पाहुण्यांना वाटलं, काय थाटाची सोय केली आहे!

पंधरा मिनिटं व्हॉल्व्ह तापले. मंग सूर, बटण. सूर, बटण. अर्धा तास झाला. पल्लवी पाटावर बसून स्टेजकडे बघतेय, हळद वाटीत सुकतेय, बायका कुजबुजायला लागल्या. आमचे हे म्हणाले, "राहू दे आता, डीजे लावू." पोरीचे डोळे भरले. भावजींच्या मानेवरून घामाच्या धारा, आणि हात काही बटणावरून निघेना.

माझं डोकंच सणकलं. हळदीच्या हातानं स्टेजवर चढले आणि ओरडले, "बास! झालं! आता हात लावायचा न्हाई त्याला!"

भावजींनी बटणावरचा हात सावकाश काढला. माझ्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाले, "शोभा हेच म्हणायची."

मी हळदीचा हात पदराला पुसला.

"मला कधी कळलंच न्हाई वहिनी, साय कधी आली ते. तिला कळायचं. रोज दारात उभी राहून म्हणायची, बास, आता हात लावू नका. ती गेली, अन् मी आपला फिरवतच राह्यलो."

मंग त्यांनी वाजवलं. अख्खं गाणं, आधी काळीवर, मधली लीड तांबडीवर. आचारी झारा हातात घेऊन दारात आला आणि तिथंच उभा राहिला. व्याही डोळे पुसत होते, पल्लवी तर हसत होती आणि रडतही होती. मी स्टेजवरून खाली उतरलेच नाही. हा आमच्या घरचा माणूस आहे, हे सगळ्यांना दिसू दे म्हटलं.

पोरगी सासरी गेली. चौथ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते, तर भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. कधी न येणारा माणूस. बराच वेळ चौकटीला नख घासत राहिले.

"वहिनी, दोन मिनिटं येता का? काम काही न्हाई. नुसतं बास म्हणायचं."

मी तवा उतरवला.