बटाटेविवरात चौघे

"येऊ देत की बाई! चहा पितील, मान डोलावतील आणि वर आपल्यालाच शाबासकी देऊन जातील!" विल्फ आयव्हसननं छातीवर हात ठेवून बायकोला सांगितलं. जोन इस्पितळात नर्स होती. छातीवर हात ठेवून बोलणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

बाई म्हणजे काउंटीच्या शिक्षण खात्याच्या मिस पिकर्सगिल. आयव्हसनांच्या मुली घरी शिकतात की नुसत्याच खेळतात, हे पाहायला त्या येणार होत्या. दहा वर्षांच्या हेटीची काळजी नव्हती. ती झोपेतही पाढे म्हणायची. काळजी होती सहा वर्षांच्या विनीची. कोल्डगिलच्या माळावरचा ओढा वाहता वाहता अचानक चुनखडीत गडप होतो ना, तसे शाळेत घातल्यावर विनीचे शब्द गडप झाले होते. अख्खं सत्र ती तिथं एक अक्षर बोलली नाही. घरी आणली, तसा ओढा पुन्हा उजेडात आला, पण घरच्यांपुरताच. परक्याची चाहूल लागली की ओठ बंद! खात्याच्या पत्रात एक ओळ होती, 'धाकटीची प्रगती प्रत्यक्ष ऐकायला मिळावी, नाहीतर शाळेचा विचार करावा लागेल.' दगडी कुंपणं रचता रचता विल्फ ती ओळ दिवसातून चाळीस वेळा मनात म्हणायचा.

त्यानं बेत आखला होता. धडा गुहेचा, वर्ग तळघरात! स्वयंपाकघराच्या फरशीत एक लाकडी झाकण होतं. वारा येऊ नये म्हणून त्यावर चटई ठोकलेली. खाली बारा पायऱ्या, बटाट्यांची पोती आणि तीन आठवड्यांची मेहनत. जॅमच्या बरण्यांत दोऱ्याला टांगून मुलींनी तुरटीचे स्फटिक वाढवले होते. दोन बरण्यांत धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि मधे लोकरीचा धागा. त्यावरून थेंब थेंब गळून बोटाएवढा लवणस्तंभ लोंबत होता. विल्फनं माळावरून बादल्या भरभरून चुनखडीचे दगड आणून भिंतींना लावले होते. मुलींनी नाव ठेवलं होतं बटाटेविवर.

विल्फ गुहा-बचाव पथकातला. निम्मं गाव त्या पथकात होतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्यासाठी चहा करायचं. त्यामुळे गुहेची शिस्त त्यानं मुलींच्या हाडीमाशी भिनवली होती. जमिनीखाली जाताना चिठ्ठी ठेवायची: किती जण, कुठं, कधी परत. आणि दिवे प्रत्येकी तीन.

जोन कामावर गेली होती. बाई दोनला आल्या. उंच, शांत, हातात फाईल.

"ही विनी का? काय गं, काय शिकवतात बाबा?"

विनीनं बुटांकडे पाहिलं.

"खाली बोलेल ती!" विल्फ घाईनं म्हणाला. "खाली तिचंच राज्य आहे."

विनीनं टेबलावर चिठ्ठी ठेवली. 'बटाटेविवर. चौघे. दोन मोठे, दोन लहान. परत तीन वाजता.' मग तीन बोटं बाबांपुढे धरली.

"दिवे? अगं, आपल्याच तळघरात तीन-तीन कशाला? माझ्या कपाळावरचा एक बास!"

चर्चमध्ये शिट्टी मारणाऱ्याकडे पाद्र्यानं पाहावं, तसं विनीनं त्याच्याकडे पाहिलं.

गुहेसारखा काळोख हवा म्हणून विल्फनं डोक्यावरचं झाकण ओढून घेतलं. खाली हेटीनं सगळं घडाघडा सांगितलं. बाई लिहीत होत्या. मधूनच म्हणायच्या, "आणि विनी?" विनी बरणीमागे उभी. तीन वाजले. विनीनं बाबांची बाही ओढून घड्याळ दाखवलं.

"हो हो, पाचच मिनिटं!" एक तरी शब्द, देवा, एकच शब्द!

सव्वातीनला पुन्हा बाही. "आत्ता बोलेल हं बाई!" साडेतीनला विनीनं दोन्ही हातांनी बाही ओढली.

त्याआधीच वर शेजारच्या अ‍ॅग्नेस फॉसेट नेहमीसारख्या दार न वाजवता अंडी द्यायला आल्या होत्या. घर रिकामं. टेबलावर चिठ्ठी. घड्याळात तीन वीस. या घराला तळघर आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण तळघरात उतरणारा माणूस चिठ्ठी ठेवून जातो, हे ऐंशी वर्षांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी अंडी ठेवली आणि फोन उचलला.

पावणेचारला स्वयंपाकघरात बावीस माणसं होती! पथकाचा म्होरक्या क्लिफ, एरवी पोस्टमन, टेबलावर नकाशा पसरून उभा.

"बटाटेविवर? नकाशात नाही."

"नवीन असणार!" अ‍ॅग्नेस म्हणाल्या. "महिनाभर बादल्या वाहतोय तो माळावरून. मी विचारलं, तर म्हणे गुपित आहे!"

"एकट्यानं खणलं? आणि त्यात पोरी नेल्या?" क्लिफनं विचारलं. कुणी हसलं नाही. माळावर पावसानं जोर धरला होता, आणि पाणी चढलेली विवरं या माणसांनी पाहिली होती. "दोर, पंप, स्ट्रेचर, सगळं आत आणा. ठेवा तिथं, चटईवर!"

धाड! बटाटेविवरात वरून धूळ पडली.

"अ‍ॅग्नेस काकूंनी काहीतरी पाडलं वाटतं," विल्फ म्हणाला. इतक्यात त्याचा फोन थरथरला. तळघरात निरोप यायचे ते गोगलगाईच्या पाठीवर बसून. 'चौघे जमिनीखाली, पैकी दोन मुलं. वेळ उलटली. ताबडतोब निघा.'

विल्फचा चेहरा गंभीर झाला. "बाई, माफ करा. कुणाची तरी लेकरं अडकलीत. मला गेलंच पाहिजे!"

"जा ना, लगेच जा!" बाईंनी फाईल मिटली.

तो पायऱ्या चढला, झाकणाला खांदा लावला. झाकण हललं नाही. एवढ्यात दुसरा निरोप आला. 'जमण्याची जागा: विल्फ आयव्हसनचं स्वयंपाकघर.'

विल्फनं तो दोनदा वाचला. मग फोननं डोळे मिटले. सकाळी चार्ज करायचा राहिला होता. दचकून विल्फ सरळ झाला आणि कपाळ झाकणावर आपटलं. दिवा फुटला.

काळोख. गुहेतला काळोख रात्रीसारखा नसतो, त्याला तळ नसतो. विल्फ ओरडला, झाकण बडवलं. पण अंगणात दुसरा पंप सुरू करून पाहत होते, त्या आवाजात वर कुणाला काही ऐकू गेलं नाही. आणि खाली कुणाचा तरी श्वास भरभर चालू झाला.

"मला... मला हे सोसत नाही," मिस पिकर्सगिल म्हणाल्या. आवाज त्यांचा राहिलाच नव्हता. "लहानपणापासून. मला वाटलं, दिवा आहे तोवर..."

मग काळोखातून एक बारीक आवाज आला.

"बाई, हात द्या. हलायचं नसतं. खाली बसा, इथं पोतं आहे."

विल्फ पायरीवर थिजला. विनी!

"हे हातात धरा. तुरटीचा स्फटिक आहे. बाजू मोजा. त्याला डोळ्यांची गरज नाही."

"एक... दोन..."

"हळू. बोटानं."

"...सात. आठ."

"आठच असतात. लहान असो, मोठा असो, आठच. अंधारातच वाढतो तो. हलवलं की बिघडतो, एकटं सोडलं की छान होतो. आता गाणं म्हणते हं, ते म्हटलं की भीती पातळ होते." आणि विनी हळूच गाऊ लागली:

"एक दिवा कपाळाला, दुसरा गं खिशापाशी,
तिसरा दे सोबत्याला, मग बोल काळोखाशी."

थोडा वेळ दोघींचे श्वास एका लयीत ऐकू येत राहिले. विल्फनं बाहीला डोळे पुसले. अंधारात कोण बघतंय!

"बाबा, शिट्टी," हेटी कुजबुजली. शिट्टी तिच्या गळ्यातच होती. पंप थांबल्याची संधी साधून तिनं ती सहा वेळा फुंकली, पथकाची संकटाची खूण.

वर क्लिफनं हात उंचावला. "गप्प सगळे!" पुन्हा सहा शिट्ट्या. बावीस माणसांनी सावकाश आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"अगं बाई," अ‍ॅग्नेस म्हणाल्या, "मी यांच्या डोक्यावर उभी आहे!"

सामान हटलं, झाकण उघडलं. क्लिफनं खाली वाकून, नियम म्हणजे नियम, गंभीरपणे विचारलं, "किती जण?"

"चौघे," विनी म्हणाली. "बाबांच्या कपाळाला लागलंय. बाकी ठीक. दिवा एकच आणला होता, तेही लिहून घ्या."

मग चहा झाला. विनी खुर्चीवर चढली आणि चिखलाच्या बुटातल्या बावीस माणसांना तुरटी, सोडा, चुनखडी, थेंब, हजारो वर्षं, सगळं सांगू लागली. चाळीस मिनिटं झाली. पथकातल्या खाटकानं जांभई दिली, तर त्याला पहिल्यापासून ऐकवलं.

मिस पिकर्सगिल यांनी फाईलमध्ये दोन ओळी लिहून विल्फपुढे धरल्या. 'धाकटीची प्रगती प्रत्यक्ष ऐकली. शिक्षण घरीच चालू ठेवावे.' विल्फला वाटलं, आता आपणही खुर्चीवर चढावं.

तेवढ्यात विनी खुर्चीवरून उतरली आणि बाईंचा हात धरून म्हणाली, "बाई, शाळेत किती मुलं असतात?"

"एकशे चाळीस. का गं?"

विनीनं बावीस माणसांवरून नजर फिरवली. निम्मे पेंगत होते. तिनं मनाशी काहीतरी ठरवलं.

"मग मी सोमवारपासून येते. तिथं कुणीतरी जागं असेलच."