साळिंदराच्या बिळातला पालक

एका जंगलात, बाळांनो, माती म्हणाल तितकी होती. काळी होती, तांबडी होती, नाकात जाईल इतकी होती. म्हणून तिथल्या एका साळिंदरणीनं मातीविना शेती करायचं ठरवलं. शहाण्यांचं असंच असतं. पायाखाली पडलेल्या वस्तूत काय पिकवायचं?

साळिंदरणीचं नाव साळूबाई. नवऱ्याचं नाव भालेराव. दोघांनी बिळात बांबूची लांब पन्हळ मांडली. तिच्यात खताचं पाणी भरलं आणि पाण्यात मुळं सोडून पालक लावला. बिळात अंधार, म्हणून वर काजवे टांगले. काजवे पाळीपाळीनं उजेड द्यायचे आणि सुट्टी मागायचे.

आता हे सगळं कशासाठी, ते ऐका. साळूबाईची लेक टाचणी पहिलटकरीण होती. वैद्य घोरपडीनं तिला रोज हिरवा पाला खायला सांगितला होता. उन्हाळ्यानं तर अर्धं जंगल करपलेलं.

टाचणीची सासू ओढ्याकाठी राहायची. ती म्हणाली, "विहीणबाई, आमच्याकडे थोडं ओलं आहे. पोरीला इथंच राहू द्या."

साळूबाईच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं! आणि तिचं माहेर अजून करपलेलं नाही!"

म्हटलं, आणि लगेच पन्हळ बघायला धावली. पालक तेव्हा बोटभरच होता.

एवढ्यात कावळा आला. त्याच्याकडे पाण्याचा पीएच मोजायचं यंत्र होतं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवायचं. कावळा म्हणाला, "पालकाला आकडा सहा हवा. वर गेला तर थोडं लिंबू पिळा, खाली गेला तर चिमूटभर राख टाका." साळूबाईनं त्याला आठवडाभराचं उष्टं कबूल केलं आणि यंत्र घेतलं.

साळिंदरं दिवसा झोपतात असं तुमच्या पुस्तकात लिहिलं असेल. बरोबर लिहिलंय. पण घरात आकडा आल्यावर झोप कुणाला येते?

साळूबाई भल्या पहाटे मोजायची. बिळात तेव्हा गारवा असायचा, पाणी गारढोण असायचं. आकडा यायचा सहाच्या जरा वर. ती लिंबू पिळायची.

भालेराव दुपारी मोजायचा. तेवढ्याच वेळी बिळाच्या झरोक्यातून ऊन थेट पन्हळीवर पडायचं, पाणी तापलेलं असायचं. आकडा यायचा सहाच्या जरा खाली. तो राख टाकायचा.

"अहो, राख कुणी ओतली एवढी?"

"तू लिंबू पिळलंस म्हणून ओतली!"

"मी पिळलं, कारण तुम्ही ओतली होती!"

"माझ्या आईनं कधी लिंबाला हात लावला नाही, आणि तिचा पालक..."

"तुमच्या आईचा पालक मी खाल्लाय. बोलायला लावू नका."

रोज पहाटे लिंबू, रोज दुपारी राख. पाणी एकच, पन्हळ एकच. पालकाची पानं कडेनं पिवळी पडू लागली. साळूबाई मनातून पार घाबरली. पोरीचं येणं उद्यावर आलं, आणि आपण विहिणीसमोर काय बोलून बसलो! पण घाबरल्याचं दाखवणार कुणाला? म्हणून ती आणखी भांडली.

शेवटी दोघं न्याय मागायला कावळ्याकडे गेली. "खोटं कोण मोजतं ते सांग," साळूबाई म्हणाली.

कावळ्यानं सगळं ऐकून घेतलं. "कुणीच नाही. गार पाण्यात आकडा थोडा वर दिसतो, गरम पाण्यात थोडा खाली. पाण्याच्या गरमपणानं एवढा फरक पडायचाच. वाडगाभर पाणी बाजूला काढा, कोमट होऊ द्या, मग मोजा. यंत्र देताना मी सांगितलं होतं की!"

"आम्ही कसं ऐकलं नाही?"

"तुम्ही तेव्हा भांडत होतात."

दोघं घरी परतली. तुम्ही म्हणाल, त्यांना आनंद झाला असेल. छे! चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर घरात बोलायला उरतं काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनी मिळून मोजलं. आकडा सहाच्या जरा वर.

"पाणी गार आहे," भालेराव म्हणाला.

"गारच आहे," साळूबाई म्हणाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. दोघांना भरून आलं. भालेरावाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. तेही मोजून झालं असतं, पण यंत्र पन्हळीत होतं.

"मग तापवू या का थोडं?" त्यानं विचारलं.

"माझ्या अगदी मनातलं बोललात!"

वाडग्याचं कुणालाच आठवलं नाही. चुलीतले गरम दगड थेट पन्हळीत पडले. आकडा मुंगीच्या पावलानं खाली सरकला. आणखी दगड पडले. आकडा आणखी एक मुंगी सरकला. पन्हळीतून वाफ निघू लागली. काजव्यांनी न विचारताच सुट्टी घेतली.

"आला! सहा! बरोब्बर सहा!"

दोघं एकमेकांना मिठी मारणार होती. साळिंदरं असल्यामुळे थोडक्यात आवरली.

त्याच वेळी दारात टाचणी आली. थकलेली, पाय सुजलेले, भुकेनं कासावीस. तिनं पालकाचं एक पान ओढलं. सगळी जुडीच मुळासकट मऊ होऊन हातात आली. तिनं चाखून पाहिलं.

"आई, भाजी छान शिजलीय. पण लिंबू जास्त झालंय. आणि यात राख कुणी घातली गं?"

साळूबाईला रडू कोसळलं. भालेरावानं यंत्र लेकीपुढे धरलं. "ते राहू दे, टाचणे. आकडा बघ, आकडा!"

टाचणीनं आकडा बघितला. बापाचं मन राखायला छान आहे म्हणाली. मग होती तेवढी भाजी खाल्ली, आईचे डोळे पुसले आणि ऊन कलल्यावर सासूकडे ओढ्याकाठी परत गेली. नातू तिथंच झाला. चांगला गुटगुटीत झाला, असं विहीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगते.

तात्पर्य: एकी हेच बळ, हे अगदी खरं आहे. नवराबायको भांडत होती तोवर पालक नुसता पिवळा पडत होता. शिजवायला एकीच लागली.