टेलरमास्तरांचं ‘उद्या नक्की’

“आजपासून गिऱ्हाइकांची कटकट संपली!” टेलरमास्तरांनी जाहीर केलं. काजं करत बसलेल्या बायकोने मानही वर केली नाही. अशा घोषणांनंतर घरात काय होतं, हे ती लग्नापासून बघत आली होती.

पण या वेळी घोषणेला आधार होता. मेहुण्याने मास्तरांच्या मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्ता बसवून दिली होती. “भावोजी, हे यंत्र लाखो माणसांचं लिहिलेलं वाचून बोलायला शिकलंय. गिऱ्हाइकांच्या मेसेजना आपोआप उत्तरं देईल. फक्त एक आहे, खरं-खोटं त्याला कळत नाही. आपण शिकवू ते गोड करून सांगतं.”

“म्हणजे आमच्याच धंद्यातलं की!” मास्तर खूश झाले. त्यांनी त्याला एकच धडा दिला. कपडे कधी मिळतील असं कुणी विचारलं, की म्हणायचं, “उद्या नक्की!”

यात वावगं काय होतं? मास्तर जन्मभर हेच सांगत आले होते आणि त्यांच्या ‘उद्या’वर विसंबून दुसऱ्या दिवशी कुणी म्हणता कुणी फिरकलं नव्हतं. दिवसभर मोबाइल टुणटुणत राहिला आणि मास्तर पंख्याखाली घोरत राहिले.

सकाळी शटर उघडलं तर बाहेर ही गर्दी! सगळ्यांत पुढे वकीलसाहेब.

“द्या माझा कोट.”

मास्तरांचं धाबं दणाणलं. कोटाचं कापड अजून घडीतच होतं. “साहेब, ते यंत्र जरा चुकलं...”

“यंत्र कसं चुकेल? चुकता तुम्ही!”

“मला तर त्याने इस्त्री करून देतो म्हणून कळवलंय!” मुख्याध्यापिका कडाडल्या. “नसेल तर कापड परत द्या. समोर नवा टेलर आलाय.”

“आमचंही द्या!” बाकीचे ओरडले.

सगळी कापडं समोर गेली तर दुकानाला कुलूपच! मास्तर स्टुलावर चढले आणि गळ्याला हात लावून म्हणाले, “गळ्याशपथ, शनिवारी सगळ्यांचे कपडे तयार! मी स्वतः शब्द देतो!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“तुमचा शब्द राहू द्या,” वकीलसाहेब म्हणाले. “त्याला विचारा.”

मास्तरांनी मुकाट्याने मोबाइलला ‘शनिवार’ शिकवला. “शनिवारी नक्की! आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहे,” मोबाइल म्हणाला. गर्दी समाधानाने पांगली. मुख्याध्यापिका जाताना “थँक यू” म्हणाल्या, तेही मोबाइलला!

मास्तर मटकन बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “इतकी वर्षं मी जीव तोडून सांगतोय, आणि विश्वास कुणावर? कालच्या या डबड्यावर!”

बायकोने वकीलसाहेबांचं कापड उलगडून मास्तरांपुढे टाकलं, वर कात्री ठेवली.

“बसा आता कामाला. त्या बिचाऱ्याने शब्द दिलाय. त्याची अब्रू तुमच्या हातात आहे!”