सरडा म्हणजे भुसावळ

नानांच्या घरी चहा हवा असेल तर नाकतोडा न्यावा लागे. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला कारकून, त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. पण मलाही सवलत नव्हती. आगपेटीत नाकतोडा न घेता आलो, की नाना दारातच अहिराणीत विचारत, "भाऊ, रिकाम्या हातानं ऊनात का?"

नाकतोडे लागत सरड्यांना. धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात जन्मभर कंपाउंडरकी करून नाना पेन्शनीत भुसावळला आलेले. बायको वारल्यापासून एकटेच. अंगणात सरडा दिसला की धरायचा आणि जाळी लावलेल्या रॉकेलच्या डब्यात कोंडायचा, हा त्यांचा उद्योग. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. नानांकडे ती डब्यापर्यंतच.

एखादा सरडा मेला, की नाना वस्तऱ्यानं त्याचं पोट फाडून भिंग लावून बसत. एकदा मलाही दाखवलं. आत कण्यांसारखे पांढरे दाणे. मला पुढ्यातला चहा नकोसा झाला.

"चपट्या जंताची पिल्लं शेतस," नाना म्हणाले. "सरड्यात ती मोठी होत नहीत. सरडा म्हणजे भुसावळ. इथे नुसती गाडी बदलायची. मांजरानं सरडा खादा, की मुक्कामाचं गाव ऊनं!"

हे मुक्कामाचं गाव म्हणजे त्यांची म्हातारी मांजर, गंगी. तोंडात दात दोनच, पण सरड्यांवर टपलेली. तिला जंत होऊ नयेत म्हणून सगळे सरडे कैदेत. तसे तिचे लाड मुळीच नव्हते. "सरक भवाने" यापलीकडे शब्द नाही. मी एकदा म्हटलं, "नाना, मग मांजरच कोंडा की. एकच डबा लागेल." त्यावर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नाकतोडे मात्र घेत होते.

एका सकाळी आगपेटी घेऊन गेलो, तर सगळ्या डब्यांच्या जाळ्या उघड्या. सरडे कुंपणावर ऊन खात बसलेले. नाना पायरीवर, मांडीवर बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी. गंगी तिच्यावर निजायची.

"गंगी गयी, भाऊ. जंतानं नही. म्हातारपणानं."

एवढं ते कंपाउंडरच्या आवाजात बोलले. मग लुगड्यावरून हात फिरवत म्हणाले, "हिची मांडी ओळखणारं आता घरात कोणी नही राह्यनं."

मी आगपेटी खिशातच ठेवली. थोड्या वेळानं नाना उठले आणि त्यांनी चहा टाकला. नाकतोड्याचं विचारलंच नाही.