लिंबू टोचलेला ठराव

विजयमालाबाईंनी चाकूच्या टोकाला लिंबू टोचलं आणि चाकू लेकाच्या हातात दिला, तसा अक्षयचा हळदीनं पिवळा झालेला चेहरा पांढराफटक पडला. एकदा हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवानं चाकू हातचा सोडायचा नाही, नाहीतर बाहेरची बाधा होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अक्षयलाही ठाऊक होतं. फक्त ठराव लिहिताना ते डोक्यात आलं नव्हतं.

ठराव होता चाकूबंदीचा. पोळ्याच्या आधी बाजारच्या दिवशी दोघा साडूंची बाचाबाची झाली आणि एकानं खिशातून चाकू काढला. गंजल्यामुळे तो उघडलाच नाही, ही गोष्ट वेगळी. पण अक्षय पडला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, त्यात एम.ए. झालेला. त्यानं ग्रामसभेत पाऊण तास भाषण ठोकलं. चाकू जवळ असला की हात शिवशिवतो, सुधारलेल्या समाजात चाकूचं कामच काय, वगैरे. म्हातारे रामराव उठून म्हणाले, बाबू, काकडी कापायची, बैलाच्या पायात गुंतलेला दोर कापायचा, तो काय दातानं? अक्षयनं त्यांना 'जुने विचार' म्हणून खाली बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण जेवायची वेळ झाली होती.

ठरलं असं, की ज्याच्याजवळ चाकू सापडेल त्याचा चाकू जप्त, आणि त्यानं दिवस मावळेपर्यंत ग्रामपंचायतीत बसून राहायचं. 'कोणाचीही गय नाही' हे शब्द खास अक्षयचे. पहिला चाकू गेला रामरावांचा, चाळीस वर्षं वापरलेला. म्हातारा तेव्हापासून काकडी बुक्कीनं फोडून खात होता. ग्रामपंचायतीसमोरून सोयाबीन सोंगायला निघालेल्या चाळीस बाया हातात विळे घेऊन रोज जात, त्यांना मात्र कोणी हटकलं नाही. विळा खिशात मावत नाही ना!

"माय, हे राहू दे," अक्षय म्हणाला. "बंदी मीच केली. लोकं काय म्हणतीन?"

"लोकाईले काई होत नाई. तुले काई झालं त मी काय करू?" विजयमालाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

लग्न घाटंजीला, मुहूर्त साडेअकराचा. लिंबासकट चाकू टॉवेलाखाली दडवून अक्षय गाडीत बसला. गाडी ग्रामपंचायतीसमोर आली आणि रामराव आडवे आले. सोबत आणखी दहा म्हातारे, सगळे चाकू जप्त झालेले.

"टावेल उचल, बाबू," रामराव म्हणाले.

टॉवेल उचलला गेला. मग जो वाद पेटला तो विधानसभेलाही जमला नसता. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांना आज एकदम रीतभात आठवली, आणि तेव्हा ठरावाला शिव्या घालणारे म्हातारे कायद्याचे कैवारी झाले. अक्षयचे मामा म्हणाले, चाकू तात्पुरता मी धरतो. रामराव म्हणाले, मग तुम्ही आत बसा. कोणी सुचवलं, चाकू इथंच ठेवून जाऊ. विजयमालाबाई सरळ रस्त्यावर बसल्या.

"कायदा सगळ्याइले सारखा," रामराव शांतपणे म्हणाले. "हे मी नाई म्हणत, तूच म्हणला होता. चाल, आत बस. च्या सांगतो."

सव्वाअकरा झाले. तेवढ्यात नवरीचा, खुशीचा, फोन आला. भटजींना एक वाजता दुसरं लग्न लावायचं होतं आणि ते पिशवी भरायला लागले होते. अक्षयला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी सरपंच बबिताताईंनीच डोकं लावलं: अख्खं गाव वरातीत आहे, इथंच ग्रामसभा घ्या आणि ठराव बदला. रामरावांनी सात दिवसांच्या नोटिशीचा मुद्दा काढला, पण मग मोठ्या मनानं सोडून दिला. अट एकच. चाकूच्या बाजूनं अध्यक्षांनी बोलायचं.

अक्षय बँडच्या गाडीवर चढला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात चाकू. काकडी कापायची, दोर कापायचा, तो काय दातानं? रामरावांचे सगळे जुने विचार त्यानं नव्यानं मांडले, आणि जन्मात पहिल्यांदा दोन मिनिटांत भाषण संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आताही सगळ्यांना जेवायचंच होतं. दुरुस्ती रामरावांनी सांगितली, ग्रामसेवकानं लिहिली आणि अक्षयनं गाडीच्या बॉनेटवर न वाचताच सही ठोकली.

गाडी सुसाट सुटली. भटजींनी उभ्या उभ्या निम्मीच मंगलाष्टकं म्हटली, पण लग्न लागलं.

सांजेला नवरी घेऊन वरात गावात परतली. पारावर अकरा म्हातारे ओळीनं बसले होते. प्रत्येकाच्या हातात जप्तीतून सोडवून आणलेला चाकू, प्रत्येक चाकूच्या टोकाला लिंबू. रामरावांनी लिंबू काढलं, पेरूची फोड कापली, तोंडात टाकली आणि लिंबू परत टोचलं. ठरावात आता स्वच्छ लिहिलं होतं, की नवरदेवाच्या चाकूला बंदी नाही, आणि ज्या चाकूला लिंबू आहे तो चाकू नवरदेवाचा समजावा.

खुशी गाडीच्या काचेतून बघतच राहिली.

"अहो," तिनं हळूच विचारलं, "तुमच्या गावात आज लग्नं तरी किती हायेत?"

"आजच नाई," अक्षय म्हणाला. "आता रोजच राहतीन."